खोबरे, कापूर आणि पॉवर बँक: बडोद्याहून सिंगापूर-मलेशिया

सोमवार, २ फेब्रुवारी, बडोदे

सिंगापूरला नोकरी करणारी आमची लेक नव्या घरात राहायला गेली आणि तेथे छोटीशी पूजा करायची म्हणून तिने आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आग्रहाने बोलावले. महाशिवरात्र यंदा १५ तारखेला आहे, त्याच्या आत परत यायचे असे ठरवून आम्ही तिघांची तिकिटे काढली: अहमदाबादहून सिंगापूर, मध्ये दोन रात्री क्वालालंपूर आणि पुन्हा सिंगापूरवरून घरी. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसाशिवाय जाता येत नाही. रावपुऱ्यातल्या एका एजंटामार्फत अर्ज केला होता आणि तीस सिंगापुरी डॉलरची फी भरून व्हिसा ईमेलवर आला होता. तो बहुप्रवेशी आहे ना, हे मी प्रथम पाहिले, कारण मलेशियाहून परतताना आम्ही त्या देशात दुसऱ्यांदा शिरणार होतो.

आजच्या वर्तमानपत्रांत कालच्या अर्थसंकल्पाची चर्चा होती आणि तिच्याच पोटात सामानाच्या नव्या सीमाशुल्क नियमांची बातमी होती. २०१६चे जुने नियम जाऊन आजपासून ‘बॅगेज रूल्स, २०२६’ लागू झाले असून, परदेशातून परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला शुल्क न भरता आणता येणाऱ्या वस्तूंची मर्यादा ५०,००० रुपयांवरून ७५,००० रुपयांवर गेली आहे. दागिन्यांवरची किमतीची अट काढून केवळ वजनाची ठेवली आहे: स्त्रियांना ४० ग्रॅम, इतरांना २० ग्रॅम. बातमीचा हा शेवटचा भाग आमच्या दांडिया बाजार वस्तीत दुपारपर्यंत घरोघर पोहोचला आणि संध्याकाळी शेजारच्या वहिनी ‘एवढ्या बांगड्या तेवढ्या आणाल का’ असे विचारायला आल्या. ही सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठवडाभर फिरून येणाऱ्यांसाठी नाही, हे त्यांना पटवायला चहाचे दोन कप लागले.

मंगळवार, ३ फेब्रुवारी, बडोदे

आजचा दिवस सामान भरण्यात गेला, आणि प्रवासातली खरी चर्चा याच दिवशी झाली असे म्हणायला हरकत नाही. सासूबाईंनी देवघरासमोर एक ढीग मांडला होता: पूजेसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, कापराच्या वड्या, काडेपेटी, अनारशांवर लावायला खसखस, नातीच्या आवडीचे लिंबाचे लोणचे, साजूक तूप, मेतकूट, आणि बडोद्याचा लीलो चेवडो, ज्याच्याशिवाय येथून कोणी परदेशी जात नाही.

यांतल्या पहिल्या चारही वस्तू मला बाजूला काढाव्या लागल्या. सुके खोबरे विमानात का चालत नाही, हा प्रश्न सासूबाईंनी विचारला तसा तो पुष्कळांना पडतो. खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि बंद, उबदार जागेत ते हळूहळू स्वतःच तापत जाऊन पेट घेऊ शकते, म्हणून आंतरराष्ट्रीय धोकादायक मालाच्या यादीत त्याला आपोआप पेटणाऱ्या पदार्थांच्या वर्गात स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. आपल्याकडे ते हातातल्या सामानात चालत नाही आणि तळाशी जाणाऱ्या सामानातही चालत नाही. कापूर ज्वलनशील घन पदार्थांच्या वर्गात येतो. काडेपेटी आणि लायटर भारतीय विमानतळांवर काढूनच घेतात. खसखशीचा प्रश्न आगीचा नाही. ती अफूच्या बोंडातली असल्याने सिंगापूरचा अमली पदार्थविरोधी विभाग तिच्याकडे संशयाने पाहतो आणि संयुक्त अरब अमिरातींत तर तिच्यावर सरळ बंदी आहे. आखातात जाणाऱ्या घरांतून मसाल्याच्या डब्यातली खसखस आजही चुकून बॅगेत जाते, आणि त्याचे परिणाम मसाल्यापुरते राहत नाहीत.

“अगं, देवाच्या कापराने कधी विमान पेटलंय का?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, विमानात देवघर कुठलं आणि गोदाम कुठलं हे यंत्राला कळत नाही. तिथे सगळं मिळतं, आपण तिथेच घेऊ,” असे मी म्हटले तेव्हा त्या गप्प बसल्या, पण पटले नव्हते हे दिसत होते.

तूप आणि लोणचे वजनाच्या, म्हणजे विमानाच्या तळाशी जाणाऱ्या, बॅगेत गेले, कारण १०० मिलीलिटरहून मोठ्या डब्यातला कोणताही द्रव किंवा दाट पदार्थ हातातल्या सामानात चालत नाही. ही मर्यादा २००६च्या ऑगस्टमध्ये लंडनमधला द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आल्यानंतर जगभर आली. काही युरोपीय विमानतळांवर नव्या स्कॅनर यंत्रांमुळे ती आता सैल होत आहे, परंतु भारतातून निघणाऱ्याने त्या सैलपणावर भिस्त ठेवू नये.

मग पॉवर बँक. घरात तीन निघाल्या. नियम असा की सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात न्यायची, वजनाच्या बॅगेत कधीही नाही. तिची क्षमता १०० वॉट-तासांपर्यंत असेल तर परवानगी लागत नाही, १०० ते १६० असेल तर विमानकंपनीची परवानगी लागते, आणि त्याहून अधिक असेल तर ती घरीच ठेवायची. डब्यावर बहुधा मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात, त्यांना ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॉट-तास मिळतात. माझी २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची निघाली. माझ्या पतींची ३०,००० ची १११ वॉट-तासांची, म्हणजे परवानगीच्या कक्षेत जाणारी, ती कपाटात राहिली. तिसरीवरची अक्षरे पूर्ण पुसली होती. ज्या वस्तूवर क्षमता वाचता येत नाही ती तपासणारा शिपाई मानणार नाही, आणि त्याने का मानावी?

बुधवार, ४ फेब्रुवारी, बडोदे

सिंगापूरचे ‘एसजी अरायव्हल कार्ड’ पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचे असते, त्याआधी संकेतस्थळ ते घेत नाही. शुक्रवारी पोहोचायचे म्हणून आज सकाळीच तिघांची कार्डे भरली. पासपोर्ट, विमान, राहण्याचा पत्ता आणि आरोग्याची घोषणा एवढेच त्यात असते, आणि आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून आलो आहोत का, हा प्रश्नही त्यातच येतो. हे कार्ड मोफत आहे, आणि ते मुद्दाम सांगावे लागते, कारण शोधयंत्रात वरच्या ओळींत सरकारी ठिकाणाआधी दलालांची पाने दिसतात आणि त्यांतली काही ‘सेवाशुल्क’ म्हणून डॉलर उकळतात. थायलंडचे १ मे २०२५ पासून सक्तीचे झालेले डिजिटल कार्ड आणि मलेशियाचे कार्ड यांचीही हीच कथा आहे.

आमच्या पिढीला विमानातच हवाईसुंदरी हाती देत असे तो कागदी फॉर्म आणि पेनासाठी चाललेली शोधाशोध आठवते. भारताने परतणाऱ्या भारतीयांसाठी तो फॉर्म २०१४ मध्ये आणि जाणाऱ्यांसाठी १ जुलै २०१७ पासून बंद केला, तेव्हा वाटले होते की कागदाचा जाच संपला. प्रत्यक्षात तो फॉर्म बहुतेक देशांत नाहीसा झाला नाही, प्रवाशाच्या घरी आला. कोविडच्या काळातल्या ‘एअर सुविधा’ या ऑनलाइन घोषणापत्राच्या सोयीने, जी २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाली, सरकारांना एक गोष्ट शिकवली असावी: माणूस विमानात बसण्याआधीच त्याची सगळी माहिती हाती घेता येते. माझ्या मते गेल्या दोन-तीन वर्षांतले सगळे बदल याच एका दिशेचे आहेत. परदेशाची सीमा पूर्वी तिथल्या विमानतळावर असे, आता ती प्रवाशाच्या दिवाणखान्यात आणि अहमदाबादच्या चेक-इनच्या काउंटरवर आली आहे. तरुणांना त्याने सोय होते. सासूबाईंसारख्या, ईमेल नसलेल्या माणसाच्या नावाने मात्र घरातल्या कोणीतरी ते भरावे लागते, आणि जिथे घरात असे कोणी नाही तिथे एजंटाचे फावते.

दुपारी औषधे. सिंगापूरला स्वतःच्या वापराची साधी औषधे तीन महिन्यांपुरती नेता येतात, पण झोपेच्या, चिंताशामक आणि कोडीनसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्यांना तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागते. सासूबाई रात्री घेतात ती अर्धी गोळी त्यातच मोडते. मंजुरीचा अर्ज डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आधीच केलेला होता. त्याची प्रत, मूळ चिठ्ठी आणि औषधाचे न फोडलेले पाकीट एकत्र ठेवले. गोळ्या डबीत काढून नेण्याची घरगुती सवय अशा वेळी सोडावी लागते, कारण नावाशिवायची गोळी म्हणजे कोणतीही गोळी.

गुरुवार, ५ फेब्रुवारी, अहमदाबाद

बडोद्याच्या हरणी विमानतळावरून परदेशी जाणारी नियमित सेवा नसल्याने आपल्याला अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागते. द्रुतगती मार्गाने संध्याकाळी वेळेत पोहोचलो.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतला, व्हिसाचा कागद घेतला आणि पडद्यावर काहीतरी पडताळत राहिली. ती जे पाहते त्याला ‘टायमॅटिक’ म्हणतात. विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेने चालवलेली ही नोंदवही कोणत्या पासपोर्टवर कोणत्या देशात काय लागते हे सांगते, आणि काउंटरवर शेवटचा शब्द तिचाच असतो. अयोग्य कागदपत्रांचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याचा खर्चही तिच्यावर पडतो, म्हणून काउंटरवरची माणसे इतकी काटेकोर असतात. सिंगापूरने त्यात आणखी भर घातली आहे. ३० जानेवारी २०२६ पासून, म्हणजे आम्ही निघण्याच्या आठवडाभर आधीपासून, ज्याला प्रवेश मिळणार नाही अशा प्रवाशाला विमानात बसवूच नये असा आदेश तिथले सरकार थेट विमानकंपनीला देते. पासपोर्ट सहा महिन्यांहून कमी मुदतीचा असणे हेही त्याचे कारण होऊ शकते. सासूबाईंच्या पासपोर्टची मुदत आम्ही तिकीट काढण्याआधीच मोजली होती.

रांगेत पुढे एक कुटुंब उभे होते, आणि त्यांच्या वजनाच्या बॅगेत पॉवर बँक असल्याचे क्ष-किरण यंत्रात दिसल्यामुळे त्यांना बोलावणे आले. बॅग उघडून, साड्यांच्या घड्या बाजूला करून ती शोधण्यात पाऊण तास गेला. असे रोज होत असणार, कारण अनेकांच्या मनात अजून ‘जड वस्तू खाली, हलकी वर’ हाच एक नियम आहे.

हातातल्या सामानाचे गणित आता एकाच बॅगेचे आहे. नागरी विमान सुरक्षा विभागाच्या नियमाप्रमाणे इकॉनॉमी वर्गात ती सात किलोंपर्यंतची असते. इमिग्रेशनला माझ्या पतींनी आधी नोंदणी केलेल्या जलद मार्गाचा उपयोग केला. ही सोय १६ जानेवारी २०२५ पासून अहमदाबादला आली. ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे आणि चेहरा एकदा दिला की पुढे बोर्डिंग पास व पासपोर्ट दाखवून स्वयंचलित दारातून जाता येते. ते दोन मिनिटांत पलीकडे गेले आणि आम्ही दोघी नेहमीच्या रांगेत राहिलो. नोंदणीला पैसे पडत नाहीत, तरी पुष्कळांना ती माहीत नाही.

रात्री विमानात घोषणा झाली: पॉवर बँक वापरू नये, तिने फोन चार्ज करू नये, वरच्या कप्प्यात ठेवू नये. सासूबाईंनी विचारले, “मग आणायचीच कशाला?” त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर बॅटरीच्या स्वभावात आहे. लिथियम बॅटरीत आतल्या आत शॉर्ट सर्किट झाले की एका घटाची (सेलची) उष्णता शेजारच्या घटाला पेटवते आणि ही साखळी बाहेरून हवा तोडली तरी थांबत नाही. मालाच्या तळघरात हॅलॉन वायू सोडून ज्वाळा दाबता येतात, पण ही साखळी त्याने तुटत नाही. तिला थंड करावे लागते, म्हणजे पाणी ओतावे लागते, आणि ते माणसाच्या हाताशीच शक्य आहे. म्हणून बॅटरी माणसांजवळ हवी, आणि माणसांजवळ असली तरी डोळ्यांआड नको.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून उडालेले यूपीएसचे मालवाहू विमान लिथियम बॅटऱ्यांच्या आगीने कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्यांचा माल म्हणून होणारा वाहतूक-व्यवहार बंद झाला. आणि २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानजवळच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचे विमान निघण्याच्या तयारीत असताना वरच्या कप्प्यातून आग लागली. १७६ माणसे बाहेर पडली, विमानाचे छत जळून गेले, आणि तपासात पॉवर बँकेचे आतले आवरण फाटले असावे असा संशय व्यक्त झाला. त्यानंतर दक्षिण कोरियाने १ मार्चपासून वरचा कप्पा बंद केला, सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून विमानात पॉवर बँक वापरणे थांबवले, एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून प्रत्येकाला एकच पॉवर बँक आणि तीही न वापरता असे ठरवले. भारतातही यंदाच्या हिवाळ्यात डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाने विमानात तिच्याने चार्जिंग करण्यास मनाई केली आहे. कंपनीगणिक तपशील वेगळे आहेत, म्हणून आपल्या तिकिटावरच्या कंपनीचे पान निघण्याच्या आदल्या दिवशी वाचणे हाच उपाय. पासपोर्टचे नियम महिन्यांनी बदलतात, बॅटरीचे आठवड्यांनी बदलले आहेत. परंतु हे नियम मला जाचक वाटत नाहीत, कारण त्यांच्यामागे एक जळलेले विमान दिसते. फॉर्मांच्या बाबतीत असे काही दिसत नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी, सिंगापूर

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर इमिग्रेशन इतके झटपट झाले की सासूबाईंचा विश्वास बसेना. स्वयंचलित मार्गात पासपोर्ट ठेवायचा, कॅमेऱ्यात पाहायचे, ठसा द्यायचा, आणि दार उघडते. पासपोर्टवर शिक्का बसत नाही, मुक्कामाची परवानगी ईमेलवर येते. शिक्का नाही म्हणजे प्रवेशच नाही असे समजून त्या काही वेळ तिथेच उभ्या राहिल्या. ईमेल माझ्या फोनवर वाचून दाखवले तेव्हा चालू लागल्या. सीमाशुल्काकडे लोणच्याला कोणी हरकत घेतली नाही. च्युइंगगम मात्र आणू नये, हे शहर १९९२ पासून त्याबाबत बधलेले नाही. ई-सिगारेट येथे आणि भारतात, दोन्हीकडे बेकायदा आहे.

शनिवार-रविवार, ७ आणि ८ फेब्रुवारी

लिटल इंडियात, सेरांगून रस्त्यावर आणि टेक्का बाजारात, सुके खोबरे आणि कापूर दोन्ही मिळाले. खोबऱ्याच्या वाट्या केरळच्या होत्या आणि सासूबाईंच्या मते बडोद्याच्या खोबऱ्यापेक्षा चांगल्या. पूजा झाली. चिनी नववर्ष १७ तारखेला असल्याने चायनाटाउनमध्ये लाल कंदील लागले होते. रात्री मलेशियाची डिजिटल कार्डे भरली. तीही पोहोचण्याआधी तीन दिवसांच्या आत आणि मोफत. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून तिथे तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि ही सवलत २०२६च्या अखेरीपर्यंत वाढवलेली आहे, त्यामुळे कार्ड एवढेच उरते. पण ते नसेल तर दारातच अडते.

सोमवार, ९ फेब्रुवारी, क्वालालंपूर

चांगीच्या बऱ्याच भागांत सुरक्षा तपासणी विमानाच्या गेटपाशी होते. आत शिरल्यावर विकत घेतलेली पाण्याची बाटली गेटवर टाकून द्यावी लागते, हे लेकीने आधीच बजावले होते, म्हणून रिकामी बाटली नेली आणि पलीकडे भरली. करमुक्त दुकानातले अत्तर सीलबंद पिशवीतच ठेवावे आणि शेवटच्या विमानतळापर्यंत ती उघडू नये, कारण मध्ये विमान बदलले तर त्या पिशवीची पावती हाच पुरावा असतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी, पुन्हा सिंगापूर

काल रात्री तिसऱ्यांदा फॉर्म. सिंगापूरचे पहिले कार्ड एका प्रवेशापुरते असते, हे एका सहप्रवाशाला काउंटरवर कळले आणि त्याने तिथेच, ट्रॉलीवर फोन टेकवून, कुटुंबातल्या पाच जणांचे नव्याने भरले. जे देश एकाच माणसाचा चेहरा आणि ठसा बाळगून आहेत त्यांनी आठवड्यात दोनदा त्याचा राहण्याचा पत्ता का विचारावा, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी, अहमदाबाद ते बडोदे

परतीच्या विमानात शेजारी नडियादचे एक गृहस्थ होते. आता ब्रिटिश नागरिक आहेत, ई-व्हिसावर येत होते. परदेशी नागरिकांसाठी भारताचे ई-अरायव्हल कार्ड १ ऑक्टोबर २०२५ पासून आले आहे आणि त्यांनी ते आदल्या दिवशीच भरले होते. आम्हाला ते लागत नाही. स्वदेशात शिरताना निदान एवढे तरी उरले आहे.

सीमाशुल्काच्या हिरव्या मार्गाने, म्हणजे शुल्क भरण्याजोगे काही नसणाऱ्यांच्या वाटेने, बाहेर पडलो. तिघांची खरेदी मिळून एका माणसाच्या ७५,००० च्या मर्यादेतही मावली असती, आणि अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप त्याबाहेर आणता येतो, त्यामुळे लेकीने भावासाठी दिलेला लॅपटॉपही मोकळा सुटला. मागच्या प्रवाशाच्या ट्रॉलीवर दोन बाटल्या होत्या. सीमाशुल्काच्या हिशेबाने दोन लिटर मद्य चालते, परंतु गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय ती बाटली जवळ बाळगणे गुन्हा ठरते, हे दोन कायदे एकाच दारात भेटतात. अधिकाऱ्याने त्याला परवान्याबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला की पुढे उदयपूरला जायचे आहे, आणि त्यांचे बोलणे चालू असताना आम्ही बाहेर आलो.